तळ्याकाठची सुपारी

अश्विन लागला की आमच्या दिवेआगरच्या वाडीत एक आंबूस-गोड वास फिरू लागतो. पोफळींवरचे घड आधी पिवळे आणि मग केशरी होतात, उतरवलेली पहिली सुपारी अंगणात पसरली जाते, आणि पावसाळाभर दडून बसलेलं ऊन तिच्या सालीतला ओलावा ओढून घ्यायला लागतं. मुंबईहून समुद्र बघायला येणारे पाहुणे नाक मुरडतात, कुठे काही कुजलंय का म्हणून विचारतात. मला मात्र या वासावरून दिवाळी जवळ आल्याचं कळतं. निदान पूर्वी कळायचं. आता हा वास आला की मला एक परकं तळं आठवतं. ते चीनमध्ये आहे. त्याच्या काठाला पांढऱ्या भिंतींची एक जुनी बागवाडी आहे, आणि तिथे एका दुपारी एका मुलाने माझ्यासमोर दोन सुपाऱ्या धरल्या होत्या.

मी संशयी माणूस आहे. हा काही गुन्हा कबूल करतोय असं समजू नका. वाडीवाल्याच्या धंद्याचाच तो भाग आहे. आमच्याकडे वाडीभोवती काट्याकुट्यांची वई घालतात. ती दर वर्षी नव्याने घालावी लागते, आणि दर वर्षी नव्याने घालताना ती पाय फुटल्यासारखी थोडी सरकते. ती कुणाच्या बाजूला सरकली हे ज्याला दिसत नाही, त्याची वाडी हळूहळू अरुंद होत जाते. मला दिसतं. शेजारी नारळ पडल्याचा आवाज आला तरी मी दुपारच्या झोपेतून उठून बघून येतो. चक्रीवादळात आमच्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा मदतीला धावून आलेल्या एका अनोळखी माणसाला मी आधी विचारलं होतं, “तुम्हांला कुणी पाठवलं?” तो बिचारा नुसती करवत घेऊन आला होता. आमची ही, म्हणजे माझी बायको सुमन, म्हणते की देवळातला प्रसादसुद्धा मी उलटून बघतो. हे साफ खोटं आहे. मी फक्त वास घेतो.

तर नीलमने, आमच्या एकुलत्या एका मुलीने, चीनची तिकिटं पाठवली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हांगचौ नावाच्या शहरात ती कापड विणायच्या यंत्रांच्या कंपनीत नोकरी करते. एवढी वर्षं दिवाळीला तीच इकडे यायची. मग त्या वर्षीच आम्ही तिकडे का? “शरद ऋतू इथे फार सुंदर असतो, बाबा,” असं ती फोनवर म्हणाली. हे काय कारण झालं? शरद इथेही असतो, आणि तो फुकट असतो. शिवाय ऐन सुपारी उतरायच्या दिवसांत वाडी सोडून जायचं. आमच्या पोफळींवर चढणारा भिकू एका झाडावरून दुसऱ्यावर झोका घेत जातो, त्याला मी चार वेळा काय काय बघायचं ते सांगितलं. शेवटी तो वरूनच ओरडला, “जाऊन या हो दादा! सुपारी काय पलून जायची न्हाय!” सुपारी पळून जाणार नाही हे मलाही ठाऊक होतं. मला भीती दुसऱ्याच कुणाची होती, पण ते मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

हांगचौला उतरलो तर रस्ताभर एक वास. बकुळीच्या जवळचा, पण बकुळीपेक्षा मऊ, जर्दाळू शिजत असावेत तसा. मला वाटलं, पाहुण्यांना भुलवायला सरकारने अत्तर शिंपडून ठेवलंय. नीलमने एका झाडाखाली नेऊन फांदी खाली ओढली तेव्हा पानांच्या बेचक्यात मोहरीएवढी पिवळसर फुलं दिसली. गुइहुआ. तिथल्या शरदाचा वास तोच. ती फुलं लोक चहात घालतात, मिठाईत घालतात, चादर अंथरून गोळा करतात. सुमन लगेच ओंजळ भरून नाकाशी धरून उभी राहिली. ती कुठेही गेली की दहा मिनिटांत तिथली होते. मी झाडाच्या बुंध्याशी पाणी घालायचं आळं आहे का ते बघत होतो. आळं नव्हतं.

आणखी एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. तिथे कुणीही काहीही देताना दोन्ही हातांनी देतं. हॉटेलातली मुलगी खोलीची चावी देते ती दोन्ही हातांनी, दुकानदार पाण्याची बाटली देतो ती दोन्ही हातांनी. एका हाताने भागत असताना माणूस दुसरा हात लावतो तेव्हा मला चैन पडत नाही. आमच्याकडे दोन्ही हातांनी दोनच गोष्टी देतात, एक देवाला आणि दुसरी व्याह्याला.

आणि वेन. बागवाडी बघायला निघालो त्या सकाळी तो हॉटेलच्या दाराशी गाडी घेऊन उभा होता. उंच, जरा सावळा, मान किंचित पुढे काढून चालणारा, तिशी उलटलेला मुलगा. “हा वेन. माझ्या ऑफिसातला,” नीलम म्हणाली. “नुसता ऑफिसातला?” मी विचारलं. “बाबा!” ती म्हणाली. मी जन्मभर माणसं बघत आलोय. ऑफिसातला माणूस बरोबर काम करणारीच्या आईची पिशवी स्वतःहून घेत नाही, आणि घेतलीच तर ती पिशवी त्याला इतकी हलकी लागत नाही. सुमनने ती आनंदाने देऊन टाकली. वर मला म्हणाली, “चांगला आहे हो पोरगा.” एका पिशवीत तिचं मत झालं होतं.

ती बागवाडी अगदी तळ्याच्या काठाला आहे. बाहेरून काहीच दिसत नाही, नुसती चुन्याची पांढरी भिंत आणि वर राखाडी कौलं. दार एवढंसं. माझ्या मनात आलं, एवढ्या पैसेवाल्या माणसाने दार एवढं लहान ठेवलं म्हणजे आत लपवण्यासारखं बरंच असणार. आत शिरलो तर खरंच होतं. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, मध्ये भिंतीला पाडलेलं पूर्ण गोल भोक. त्याला ते चंद्राचं दार म्हणतात. भिंतींना खिडक्या, पण एकीसारखी दुसरी नाही. एक पंख्याच्या आकाराची, एक पानाच्या, एक नुसत्या फुटलेल्या बर्फासारख्या रेघांची. त्यांना काच नाही, झडप नाही. इकडचा माणूस तिकडे बघू शकतो आणि तिकडचा इकडे. घर बांधताना एवढी बघायची सोय कुणी मुद्दाम केलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्याकडे त्यासाठी वईत भोकं शोधावी लागतात.

दाराजवळच्या पाटीवरचं नीलमने वाचून दाखवलं. रेशमाच्या एका व्यापाऱ्याने ती बांधली, मग दुसऱ्या घराण्याकडे गेली, नाव बदललं, पुढे पार पडझड झाली, आता सरकारने दुरुस्त करून लोकांना खुली केली.

“गेली म्हणजे कशी गेली?” मी विचारलं.

“ते लिहिलेलं नाही.”

“तेच तर.”

सुमनने कपाळाला हात लावला. पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्याने प्रत्येक खिडकी वेगळी काढली, तळ्याचं पाणी भिंतीखालून आत खेळवलं, दगड निवडून निवडून आणले, त्याच्या हातून हे सगळं नुसतं “गेलं”? असं काही जाताना घरात काय बोलणं झालं असेल? पोरं होती की नव्हती? होती तर ती कुठे लांब तर गेली नव्हती? मी त्या पाटीपुढे जरा जास्तच वेळ उभा राहिलो. माझ्या मागे वेनही थांबला होता. मी वळून बघितलं तर तो हसला. कशाला हसला कुणास ठाऊक.

आत एक पाण्याचं कुंड आणि त्याभोवती भोकाभोकांचे दगड रचलेले. ते दगड इतके चाळणीसारखे होते की मी जाऊन बोट घालून पाहिलं. हे म्हणे तळ्याच्या तळाशी पाण्यानेच झिजून असे होतात. मला पटलं नाही. पलीकडे कुंडावरचा पूल, तोही सरळ नाही, चार पावलं झाली की काटकोनात वळतो. का, तर भुतांना वळता येत नाही आणि माणसाला प्रत्येक वळणावर वेगळं काहीतरी दिसतं. भुताचं मला पटलं. दुसऱ्या कारणाची मला शंका आली. सुमन मात्र प्रत्येक वळणावर थांबून खरोखरच वेगळं काहीतरी बघत होती. लाल मासे, पाण्यात उतरलेलं कौल, कमळाची करपायला लागलेली पानं. तिने मला हाक मारून ती पानं दाखवली. त्यांच्या कडा विड्याच्या सुकल्या पानासारख्या दुमडल्या होत्या.

मग आम्ही तळ्याच्या बाजूच्या सज्जात आलो आणि एकदम सगळं उघडं झालं. भिंत संपली. समोर पाणी, पाण्यात लांबच लांब घातलेला बांध, बांधावर पाण्यावर लोंबणाऱ्या फांद्यांची विलोची झाडं आणि त्यांच्या मागे धुक्यात विरघळत चाललेले डोंगर. मी मनात म्हटलं, वा. वेन कठड्याशी उभा राहून बराच वेळ बोलला, हाताने डोंगर दाखवून, खिडकी दाखवून. तेवढ्या सगळ्याचं नीलमने एका वाक्यात भाषांतर केलं. “तो म्हणतो, याला इथे उसनं दृश्य म्हणतात. डोंगर बागेचा नाही, पण बाग अशी बांधलीय की तो बागेतलाच वाटतो.”

“आमच्याकडे याला अतिक्रमण म्हणतात,” मी म्हणालो.

नीलमने त्याला काहीतरी सांगितलं. तो आनंदाने मान डोलवायला लागला.

“काय सांगितलंस?”

“बाबांना आवडलं म्हणून.”

इथून पुढे मी भाषांतरावरचा विश्वास काढून घेतला. तो लांबलचक बोले, ती तोकडं सांगे. मी टोमणा मारी, ती गोड करून देई. दोन्ही बाजूंचा माल मध्येच कुठेतरी बदलत होता, आणि बदलणारी माझीच मुलगी होती. आता इथे वाडीत बसून आठवतो तेव्हा वाटतं, उसन्याचं त्याचं बोलणं काही अगदीच चुकीचं नव्हतं. आमच्या वाडीतून समुद्र दिसत नाही, पलीकडे सुरूच्या झाडांची आणि केवड्याची रांग आहे. पण समुद्राची गाज दिवसरात्र आत येते. ती आमच्या मालकीची नाही, तरी ती नसती तर ही वाडी आमची वाटली नसती. हे मी तिथे बोललो मात्र नाही.

चहाला बसलो. लांबट काचेच्या पेल्यात हिरवी पानं तशीच टाकलेली, वरून कढत पाणी. शेजारच्या टेबलावर म्हातारी मंडळी पत्ते खेळत सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. नीलमने वेनच्या पेल्यात पाणी ओतलं तर त्याने दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं. पुन्हा ओतलं, पुन्हा टकटक. मी त्या बोटांकडे बघत राहिलो. ही खूण कुणाला? पत्ते खेळणाऱ्यांपैकी कुणी वर बघतंय का, तेही मी पाहिलं. शेवटी विचारलंच. नीलम हसायला लागली. चहा ओतणाऱ्याचे ते आभार असतात, बोलणं न थांबवता मानायचे. मी म्हटलं, असेल. नंतर सुमनने ओतला तेव्हा त्याने तसंच केलं, आणि सुमनने उलट त्याच्या पेल्याशी टकटक केलं. दोघं हसली.

मग तो सावरून बसला. खिशातून त्याने लाल कापडाची एक पुरचुंडी काढली, टेबलावर सोडली, आणि दोन्ही हातांवर घेऊन माझ्यापुढे धरली. आत विड्याच्या पानावर दोन सुपाऱ्या होत्या. कच्च्या, हिरव्यागार, आमच्या सुपारीपेक्षा लांबट. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं तर नजर खाली होती. तो काहीतरी हळू म्हणाला, एकच वाक्य, आणि ते त्याच्या नेहमीच्या बोलण्यासारखं वाटलं नाही.

“हे मलाही नाही कळलं,” नीलम म्हणाली. “त्याच्या गावाकडची बोली आहे. बाबा, तो हायनान बेटावरचा आहे, दक्षिणेला. त्याच्या वडिलांची सुपारीची वाडी आहे तिथे. मी त्याला सांगितलं होतं तुमच्या वाडीचं, म्हणून आणली असेल. बघा ना, घ्या.”

तिला वाटलं एका वाडीवाल्याने दुसऱ्याला नमुना पाठवलाय. मला तसं वाटलं नाही. सगळा देश दोन्ही हातांनी पाण्याच्या बाटल्या देतो हे मला माहीत होतं, तरी वाटलं नाही. लाल कापड, जोडीची सुपारी, पान, खाली घातलेली मान. आमच्या गावात यापेक्षा वेगळं काय करतात? एकदा ती हातात घेतली की बोलणं पक्कं झालं, मग वाजंत्री उरतात. आणि माझ्या डोक्यात जे आलं ते कुठल्याही कोकणी बापाच्या डोक्यात आलं असतं. आमच्याकडे मुलीचा बाप मुलाच्या दारी जातो. एक उंबरा झाला की दुसरा, तो झाला की तिसरा. मुलाकडचा माणूस स्वतःहून सुपारी घेऊन दारात येतो तेव्हा शहाणा बाप आधी चौकशी करतो. एवढे आतुर झालेत म्हणजे काहीतरी खोट आहे. आधीचं लग्न, नाहीतर आजार, नाहीतर व्यसन. आणि इथे तर मुलाच्या बापाने समुद्रापलीकडून पाठवलेली. मला त्या हिरव्या सुपारीची भीती वाटली. ती हातात घेतली तर मुलगी इथेच राहील, हे मला स्वच्छ दिसलं.

“मला चालत नाही,” मी म्हणालो. “दात दुखतात.”

नीलमने हे मात्र जसंच्या तसं सांगितलं. त्याने क्षणभर हात तसेच धरून ठेवले. मग पुरचुंडी बांधली, खिशात ठेवली आणि माझ्या पेल्यात पाणी ओतलं. त्यानंतर तो बोलायचा थांबला असं नाही. खिडक्या दाखवल्या, दगड दाखवले, परत जाताना दारापाशी सुमनला हात धरून पायरी उतरवली. पण उसन्या दृश्यासारखं काही लांबलचक तो पुन्हा बोलला नाही. भाषांतर अगदी बरोबर व्हायला लागलं. गाडीत सुमनने मला एकच विचारलं, “दात कधीपासून दुखतायत?” मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तळ्याच्या काठाने गुइहुआचा वास आमच्याबरोबर येत होता.

आम्ही परत आलो. सुपारी पळून गेली नव्हती. नीलमचे फोन यायचे, पण वेनचं नाव त्यांत यायचं बंद झालं, आणि मी मनात म्हटलं, बघ, आपण ओळखलं होतं ते बरोबर होतं. नुसता ऑफिसातला असता तर नाव यायचं बंद कशाला झालं असतं? पहिल्या वर्षी मला याचं समाधानसुद्धा वाटलं.

या वर्षी वादळानंतर लावलेल्या पोफळींना पहिल्यांदा सुपारी धरलीय. बोर्लीचे सुपारीचे व्यापारी इब्राहिमभाई दर मोसमात माल बघायला येतात. खाटेवर टेकतात, एक सुपारी फोडून आतला पांढरा भाग उन्हात धरतात. त्यांचा एक मुलगा दुबईत, एक मस्कतला. त्यांनी हसत विचारलं, “पोरीचा काय ठरला की नाय?” मी म्हटलं, “कुठे काय.” ते सुपारीवरून नजर न काढता म्हणाले, “भाऊ, वई वाडीला घालावी. पोरीला कशाला घालताव?” हे त्यांना कुणी सांगितलं, हा विचार माझ्या मनात आधी आला. सुमन चहाचे कप घेऊन येत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्यावरून कळलं.

ते गेल्यावर ती अंगणातली सुपारी हाताने उलटीपालटी करायला बसली. मीही बसलो. अश्विनातलं ऊन पाठीवर फार तापतं. ती खाली बघतच बोलायला लागली.

“नीलूनं नवी नोकरी घेतलीय. दिवाळी झाली की जर्मनीला जात्येय.”

“एकटी?”

“एकटीच. तुमच्या मनासारखं झालं.”

 मग तिने सगळं सांगितलं. पावसाळ्यात वेनच्या गावी वादळ आलं, त्यांचीही झाडं पडली, तेव्हा नीलम तिथे मदतीला गेली होती. तिथे त्याच्या आईने तिला विचारलं की, तुझ्या वडिलांनी आमची सुपारी परत का केली? नीलमला काही उमजेना. मग एकेक उलगडलं. त्यांच्या बेटावर मुलाकडून मुलीच्या घरी सुपारी जाते, लाल कापडातून, जोडीने. घेतली तर होकार. वेन जे त्याच्या बोलीत बोलला, ते त्याच्या वडिलांनी त्याला पाठ करून दिलेलं मागणं होतं. आणि परत आलेली सुपारी त्यांच्याकडे पुन्हा पाठवत नाहीत. पुन्हा विचारणं म्हणजे मुलीच्या बापाचा अपमान. त्याने नीलमला एवढंच सांगितलं होतं की तुझ्या वडिलांना मी पसंत नाही. का, ते तिनेही मग मला विचारलं नाही. तो माझा मान राखून गप्प बसला, ती त्याचा मान राखून गप्प बसली, आणि आता दोघं दोन देशांत राहणार होती.

“त्यांचं आहे अजून?” मी विचारलं.

“आहे म्हणून तर जात्येय. तिथे राहून रोज त्याला बघवत नाही तिला.”

म्हणजे माझा संशय खरा होता. संशयी माणसाचं दुर्दैव असं की त्याचं फार क्वचित खरं ठरतं, आणि ठरलं तर हे असं. त्या टेबलावर चौघं बसलो होतो, त्यांपैकी त्या लाल पुरचुंडीचा अर्थ नीट कळलेले दोघेच होतो, मी आणि तो. एकाच पिकाची माणसं. मी सुपारी हातात घोळवत राहिलो. तरी डोक्यातला दुसरा भाग आपलं काम करतच होता. वादळाने झाडं पडलीयत म्हणजे घर ओढगस्तीला आलं असेल. आईने विचारलं, बापाने का नाही विचारलं? मुलगा एवढा गप्प बसणारा, म्हणजे पुढे संसारातही कुढत बसेल का? हे सगळे प्रश्न बरोबर होते. पण त्यांची उत्तरं अंगणात बसून मिळणारी नव्हती. ती मिळवायची आमच्याकडे एक जुनी रीत आहे.

माझ्या वडिलांनी माझ्या बहिणीसाठी पाली केली, रोहा केलं, मुरूड केलं. एका घरून नकार आला तर त्याच घरी पुढच्या वर्षी पुन्हा गेले. घरी येऊन पाय धुताना आईला सांगायचे, “बघू, पुन्हा जाईन.” मुलीच्या बापाला नकाराची लाज नसते, आणि दुसऱ्यांदा जायची तर मुळीच नसते. वेनच्या घरचे पुन्हा विचारू शकत नव्हते, त्यांच्या रीतीत ते दार बंद झालं होतं. आमच्या रीतीत ते उघडंच होतं, फक्त जायचं मी होतं. हे सुपारी उलटताना माझ्या इतकं सहज लक्षात आलं की मला रागच आला, की हे एवढे दिवस कुणी मला सांगितलं कसं नाही.

मी उठलो, हात पुसले आणि नीलमला फोन लावला. एरवी फोन हीच लावते आणि मी बाजूने डोकावतो.

“बाबा? तुम्ही? काय झालंय? आईला काही झालंय का?” मुलगी माझीच आहे.

“आई इथे बसलीय. सुपारी उलटत्येय. त्या वेनचे वडील घरी कधी असतात?”

“का?”

“भेटायला जायचंय.”

“कुणाला?”

“मला. आणि आईला. दिवाळीच्या आधी.”

“बाबा, ते बेट आहे. खूप लांब आहे. दोन विमानं, मग गाडी. आणि तिथे जाऊन तुम्ही करणार काय?”

“मुलीचा बाप मुलाच्या घरी जाऊन काय करतो? घर बघीन, माणसं बघीन, वाडीला पाणी कुठून येतं ते बघीन. मुलाची चौकशी शेजारीपाजारी करीन. तू भाषांतर करायचं, आणि मी बोलीन तेवढं सगळं करायचं, गोड करायचं नाही. पसंत पडलं तर विचारीन. नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी पुन्हा जाईन.”

पलीकडून काहीच ऐकू येईना. मी फोन कानापासून काढून बघितला, पुन्हा लावला.

“नेटवर्क गेलं,” मी सुमनला म्हणालो. “आपल्याकडे हे नेहमीचंच आहे.”

तिने सुपारीतून हात काढला, जवळ येऊन माझ्या हातातल्या फोनला कान लावला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

“नेटवर्क आहे,” ती म्हणाली. “रडत्येय ती. ठेवू नका फोन.”